सेवेचे फळ कोणाच्या पदरी?

धर्मादाय रुग्णालयाचा वार्षिक अहवाल हा प्रामुख्याने आकड्यांचा दस्तऐवज असतो. बाह्यरुग्ण विभागात किती रुग्ण तपासले गेले, किती शस्त्रक्रिया झाल्या, किती शिबिरे भरली, किती निधी आला आणि तो कोठे खर्च झाला, याचा तपशील त्यात क्रमाने दिलेला असतो. हे आवश्यकच आहे. देणगीदाराने विश्वासाने हाती दिलेल्या प्रत्येक रुपयाचा हिशोब समाजासमोर मांडणे हे विश्वस्तांचे आद्य कर्तव्य होय. परंतु सेवाकार्याची आणखी एक बाजू ताळेबंदात उतरत नाही. रुग्णाला काय मिळाले हे आपण लिहितो. सेवा करणाऱ्याला काय मिळाले हे सहसा कोणी लिहीत नाही.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. धर्मश्रद्धेतून उभ्या राहिलेल्या संस्थांत मोठ्या उत्साहाने येणारे अनेक कार्यकर्ते वर्ष-दोन वर्षांत दिसेनासे होतात, तर काही जण तीस-तीस वर्षे त्याच ठिकाणी त्याच निष्ठेने उभे असतात. दोघांचाही हेतू शुद्धच असतो. मग भेद कशामुळे पडतो? सेवेचे फळ म्हणून प्रत्येकाने मनाशी काय धरले आहे, यात बहुधा त्याचे उत्तर सापडते. प्रस्तुत लेखात नांदेड आणि लातूर या आपल्या दोन जिल्ह्यांतील काही उदाहरणांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करण्याचे योजिले आहे.

१. नांदेडची पंगत

गोदावरीच्या तीरावरील नांदेड नगरीत दशमगुरू श्री गुरू गोविंदसिंहजी यांनी १७०८ मध्ये आपल्या जीवनाचे अखेरचे दिवस व्यतीत केले. देहधारी गुरूंची परंपरा येथेच समाप्त करून त्यांनी श्री गुरू ग्रंथ साहिब हेच यापुढे गुरू होत, असा आदेश शिष्यांना दिला. या घटनेची त्रिशताब्दी २००८ मध्ये देशविदेशांतून आलेल्या भाविकांच्या उपस्थितीत नांदेडमध्ये साजरी झाली. शीख धर्मातील पाच तख्तांपैकी एक असलेले सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब हे स्थान त्यामुळे जगभरातील शिखांना वंदनीय झाले आहे.

तेथील दर्शनाइतकेच महत्त्वाचे स्थान लंगरला आहे. गुरू नानकदेवजींनी घालून दिलेली आणि तिसरे गुरू अमरदासजी यांनी अधिक दृढ केलेली ही प्रथा असे सांगते की, संगतीत येण्यापूर्वी पंगतीत बसावे. पंगतीत कोणाचे पद, जात, धर्म वा ऐपत विचारली जात नाही. सर्वांचे बसणे जमिनीवर, सर्वांचे अन्न एकच, आणि पोळी वाढली जाते तेव्हा ती दोन्ही हात पुढे करूनच घ्यावयाची. ही साधी रीत विचार करण्याजोगी आहे. पुढे केलेल्या दोन हातांत धनिक आणि निर्धन यांत फरक उरत नाही.

त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की, जो आज वाढतो आहे तोच थोड्या वेळाने त्याच पंगतीत बसतो, आणि जो आता जेवून उठला तो भांडी घासण्याच्या जागी जाऊन उभा राहतो. दाराशी भाविकांचे जोडे सांभाळण्याची सेवा अनेकदा समाजात मोठ्या हुद्द्यावर असलेली माणसे मागून घेतात. येथे देणारा आणि घेणारा असे दोन कायमचे वर्ग नाहीत. पंगत फिरती आहे. सेवेच्या फळाचा विचार करताना ही फिरती पंगत आपण ध्यानात ठेवू या. पुढील विवेचनात तिचा पुन्हा उल्लेख येणार आहे.

२. पाण्याची पखाल आणि मलमाची डबी

गुरू गोविंदसिंहजींच्या काळातील भाई कन्हैया यांची कथा शीख परंपरेत आदराने सांगितली जाते. १७०४-०५ च्या सुमारास आनंदपूर साहिब येथील युद्धात भाई कन्हैया पाण्याची पखाल घेऊन रणभूमीवर फिरत आणि जखमी होऊन पडलेल्या सैनिकांना पाणी पाजीत. ते आपल्या बाजूचे सैनिक पाहत नसत आणि शत्रूचेही पाहत नसत. ज्यांना आपण मोठ्या कष्टाने खाली पाडतो त्यांनाच हा पुन्हा उठवतो, अशी तक्रार काही शिखांनी गुरूंकडे केली. गुरूंनी बोलावून विचारले, तेव्हा भाई कन्हैया यांनी नम्रतेने सांगितले की, मला तेथे मित्र वा शत्रू दिसत नाही. प्रत्येक चेहऱ्यात आपलेच रूप दिसते.

या उत्तराने गुरू प्रसन्न झाले, इथवरचा भाग सर्वांच्या स्मरणात राहतो. पुढचा भाग मात्र रुग्णसेवेच्या क्षेत्रातील आपणा सर्वांसाठी अधिक मोलाचा आहे. गुरूंनी केवळ शाबासकी देऊन त्यांना निरोप दिला नाही. त्यांच्या हाती मलम आणि पट्ट्या दिल्या आणि यापुढे पाण्याबरोबर जखमांवर उपचारही करावेत, असे सांगितले.

भाई कन्हैया यांना सेवेचे बक्षीस काय मिळाले, तर आणखी सेवा करण्याचे साधन मिळाले. यात दोन बोध आहेत. पहिला असा की, समदृष्टी ही सेवेची सुरुवात आहे, शेवट नव्हे. तहानलेल्याला पाणी पाजणे थोर आहेच, पण जखम वाहत असेल तर पाणी पुरेसे नाही. तेथे औषध लागते, आणि ते लावण्याचे कौशल्यही लागते. करुणेने भारलेला परंतु शिकण्यास तयार नसलेला सेवक रुग्णाचे पूर्ण हित करू शकत नाही. दुसरा बोध संस्थाचालकांसाठी आहे. सेवकाच्या निष्ठेचे नुसते कौतुक करून भागत नाही. त्याच्या हाती मलमाची डबी देणे, म्हणजेच त्याला प्रशिक्षण, साधने आणि वेळेवर पाठबळ देणे, ही चालकांची जबाबदारी आहे.

ही दृष्टी मराठवाड्याला परकी नाही. याच गोदावरीच्या काठी, नांदेडच्या कितीतरी वर, पैठणला नांदलेल्या संत एकनाथांची गंगाजलाच्या कावडीची कथा घरोघर सांगितली जाते. रामेश्वराला अर्पण करण्यासाठी आणलेले पाणी त्यांनी वाळवंटात तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात घातले आणि आपली यात्रा तेथेच सफल झाली असे मानले. दोन भिन्न परंपरांतील या दोन कथांचे सार एकच आहे. ज्याला पाणी हवे होते त्याची पात्रता कोणी तपासली नाही. त्याची तहान पाहिली.

३. लातूरमधील एक व्रत

नाथांची आणि भाई कन्हैयांची कथा जुन्या काळची आहे, आजच्या व्यवहारात ते कसे जमावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याला लातूरने आपल्यापुरते उत्तर दिले आहे.

१९६६ साली लातूर हे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण होते. स्वतंत्र लातूर जिल्हा पुढे १९८२ मध्ये अस्तित्वात आला. गंभीर आजाराच्या रुग्णाला दूरच्या शहराची वाट धरावी लागे आणि तो प्रवास अनेकांच्या आवाक्याबाहेरचा असे. अशा वेळी पुण्यात वैद्यकीय शिक्षण पूर्ण केलेले डॉ. अशोकराव कुकडे, त्यांच्या पत्नी डॉ. ज्योत्स्ना कुकडे आणि त्यांचे सहकारी यांनी मोठ्या शहरातील व्यवसायाची वाट सोडून लातूरला विवेकानंद रुग्णालय सुरू केले. प्रारंभ लहान होता. दशकांच्या परिश्रमांतून त्याचे मोठे रुग्णालय झाले, पुढे कर्करोगाच्या उपचारांची सोयही झाली. २०१९ साली डॉ. अशोकराव कुकडे यांना भारत सरकारने पद्मभूषण देऊन गौरविले.

या रुग्णालयाने ज्यांचे नाव धारण केले त्या स्वामी विवेकानंदांनी १८९७ मध्ये रामकृष्ण मिशनची स्थापना केली. आपले गुरू श्रीरामकृष्ण यांच्याकडून त्यांनी घेतलेला विचार असा होता की, जीवावर दया करणारे आपण कोण. जीवाची सेवा करावयाची ती त्यात शिव आहे या भावाने. दया आणि सेवा यांतील हा भेद सूक्ष्म आहे, परंतु रुग्णालयात तो पावलोपावली जाणवतो. दया वरून खाली वाहते. ती करणाऱ्याला आपण उंचावर आहोत असे वाटत राहते. पूजाभावाने केलेली सेवा मात्र करणाऱ्याला खाली वाकावयास लावते. देवाच्या मूर्तीला अभिषेक करताना आपण तिच्यावर उपकार करतो असे कोणी म्हणत नाही. उलट तशी संधी मिळाली याचे समाधान मानतो.

पद्म पुरस्कार हे अशा कार्याचे फळ होय काय? तो समाजाने केलेला सन्मान आहे आणि तो आनंदाचाच विषय आहे. परंतु १९६६ आणि २०१९ या दोन सालांमध्ये ५३ वर्षांचे अंतर आहे. पुरस्कारावर दृष्टी ठेवून कोणी इतकी वर्षे एका ठिकाणी उभे राहू शकत नाही. त्या वर्षांतील असंख्य साध्या दिवसांनीच काहीतरी दिले असले पाहिजे, ज्यामुळे दुसऱ्या दिवशी पुन्हा रुग्णालयात येणे स्वाभाविक झाले.

४. किल्लारी: पंगत फिरली तेव्हा

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या भागातील कोणालाही विसरता येणार नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून माणसे उशिरा निजली होती. पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला आणि लातूर व धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) जिल्ह्यांतील किल्लारी, सास्तूर आदी गावे जमीनदोस्त झाली. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील मातीचे जड माळवद, हीच घरे झोपलेल्या माणसांचा काळ ठरली. आठ हजारांच्या आसपास माणसे दगावली आणि ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन करावे लागले.

त्यानंतर मदतीचा जो ओघ लागला त्यात सर्व धर्मांच्या, पंथांच्या आणि विचारांच्या संस्था होत्या. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना पुण्यात नेऊन त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी स्वीकारली. ज्ञान प्रबोधिनीने हराळी येथे जे काम सुरू केले ते पुढे शाळा आणि शेतीच्या रूपाने रुजले. धान्य आणि कांबळी देऊन परतणे सोपे होते. तेथे राहणे कठीण होते. लोकांना अधिक काळ उपयोग झाला तो राहिलेल्यांचा.

परंतु या आपत्तीतील सर्वांत बोधप्रद प्रकरण पुढे घडले. प्रेमा गोपालन यांनी स्थापन केलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने भूकंपग्रस्त गावांतील स्त्रियांना घरदुरुस्तीच्या शासकीय कार्यक्रमात 'संवाद सहायक' म्हणून पुढे आणले. ज्या स्त्रिया घराबाहेर बोलतही नसत त्या भूकंपरोधक बांधकामाची माहिती घेऊन शेजारणींना समजावू लागल्या, कामावर लक्ष ठेवू लागल्या, अधिकाऱ्यांना प्रश्न विचारू लागल्या. त्यानंतर २६ जानेवारी २००१ रोजी गुजरातमध्ये कच्छचा भूकंप झाला. त्या वेळी लातूर-धाराशिवच्या याच गावांतील स्त्रिया तेथे गेल्या. भाषा वेगळी, वेश वेगळा; पण घर पडलेल्या बाईशी काय बोलावे हे त्यांना कोणी शिकविण्याची आवश्यकता नव्हती. आठ वर्षांपूर्वी ज्यांनी दोन्ही हात पुढे करून मदत घेतली होती, त्या आता वाढावयास उभ्या राहिल्या होत्या.

नांदेडच्या लंगरमध्ये जे रोज घडते तेच येथे आठ वर्षांच्या अवकाशात घडले. पंगत फिरली. सेवेचे खरे फळ कोणते, याचे उत्तर येथे मिळते असे वाटते. ज्याची सेवा केली तो उद्या दुसऱ्याच्या सेवेस उभा राहतो, हे ते फळ होय. आणि सेवा करणाऱ्याच्या पदरी काय पडते? आपणही याच पंगतीतले आहोत, आज वाढणारे आणि उद्या बसणारे, ही जाणीव त्याला मिळते. माणसाचा एकटेपणा आणि अहंकार एकदमच दूर करणारी अशी दुसरी प्राप्ती क्वचितच असेल.

५. फळाचे भास

खऱ्या फळासारखी दिसणारी परंतु सेवकाला शेवटी रिकामे ठेवणारी काही फळे आहेत. त्यांची ओळख असणे आवश्यक आहे.

पहिला भास कृतज्ञतेचा. बरा झालेला रुग्ण हात जोडतो तेव्हा मन भरून येते, हे मानवी आहे. परंतु त्या नमस्काराची सवय जडली की, न बोलता निघून जाणारा, चिडणारा, तक्रार करणारा रुग्ण नकोसा वाटू लागतो. वेदना आणि कर्जाची चिंता घेऊन आलेल्या माणसाकडे आभाराचे शब्द नेहमीच शिल्लक असतील असे नाही. ज्याची सेवा आभारावर पोसली जाते त्याचा उत्साह लवकर आटतो.

दुसरा भास पुण्यसंचयाचा. सर्वच धर्मांनी परोपकाराचे पुण्य सांगितले आहे आणि त्या श्रद्धेने असंख्य माणसे सेवेकडे वळली आहेत. तिचा अनादर करण्याचे कारण नाही. परंतु समोरच्याचे दुःख हे आपल्या पुण्याचे साधन आहे असे वाटू लागले की ते दुःख दूर व्हावे ही तळमळ कमी होते. भाई कन्हैया पुण्य मोजीत असते तर शत्रूच्या सैनिकाजवळ पोहोचण्यापूर्वीच थांबले असते.

तिसरा भास उपकाराचा. या बाबतीत कायदाही आपल्याला जागे करतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधील तरतूद आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेली योजना यांनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात ठेवावयाच्या आहेत. तसेच एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची आहे. याचा अर्थ स्पष्ट आहे. त्या खाटेवरील रुग्ण आपला पाहुणा नव्हे आणि याचकही नव्हे. तो हक्काने तेथे आहे. शिधापत्रिका वा उत्पन्नाचा दाखला पुढे करताना त्याची मान खाली जाणार नाही, इतकी काळजी नोंदणी खिडकीवर घेतली गेली, तरी अर्धी सेवा तेथेच झाली असे म्हणता येईल.

याखेरीज थकव्याचा उल्लेख करणे उचित ठरेल. रोज दुःख पाहणाऱ्या परिचारिका, डॉक्टर व कार्यकर्ते यांच्या मनाला एक दिवस बधिरता येते. बाहेरून ती रुक्षपणासारखी दिसते आणि ज्याच्या ठायी ती येते त्याला आपल्या श्रद्धेत न्यून आहे असे वाटून अपराधी भावना छळते. हा श्रद्धेचा दोष नव्हे. करुणेलाही विश्रांती लागते. लंगरमध्ये एकच सेवक दिवसभर तव्यासमोर उभा राहत नाही. पाळी बदलते, वाढणारा बसतो, बसलेला उठतो. सेवकाने आपल्या पाळीनंतर बसावे, इतरांकडून घ्यावे, आपले दुःख बोलून दाखवावे. घेण्याची लाज वाटणारा माणूस पंगतीचा अर्धाच धर्म पाळतो.

६. अभ्यासासाठी काही प्रश्न

रुग्णालयातील साप्ताहिक बैठकीत अथवा स्वयंसेवकांच्या वर्गात पुढील प्रश्नांवर विचारविनिमय व्हावा, अशी विनंती आहे.

१) गेल्या महिन्यात ज्या रुग्णाने आपले आभार मानले नाहीत, त्याच्याशी आपले वर्तन इतरांहून वेगळे होते काय?

२) आपल्या कामात 'पाणी' कोणते आणि 'मलम' कोणते? केवळ सद्भावनेवर चाललेल्या कोणत्या कामासाठी आता प्रशिक्षणाची गरज आहे?

३) आपल्याकडे बरे होऊन गेलेल्यांपैकी किती जण आज दुसऱ्या रुग्णाला मदत करतात? त्यांना तशी संधी मिळावी म्हणून आपण काय करू शकतो?

४) निर्धन रुग्णाला सवलत मिळेपर्यंत किती खिडक्यांपुढे उभे राहावे लागते?

५) आपण स्वतः शेवटचे केव्हा कोणाकडून सेवा घेतली? ती घेताना मनात काय आले?

या प्रश्नांपैकी तिसरा विशेष महत्त्वाचा आहे. क्षयरोगाचे उपचार पूर्ण केलेला गावकरी नव्या रुग्णाला औषधे मध्येच सोडू नकोस असे सांगतो, तेव्हा त्याच्या शब्दाला जे वजन येते ते आपल्या सूचनाफलकांना येत नाही. बाळंतपणात वाचलेली माता शेजारच्या गरोदर मुलीला वेळेवर तपासणीस घेऊन येते, तेव्हा रुग्णालयाचे काम रुग्णालयाच्या भिंतींबाहेर सुरू झालेले असते. अशा व्यक्तींची नोंद अहवालाच्या एखाद्या रकान्यात अवश्य व्हावी.

समारोप

एप्रिल २०१६ मध्ये, भीषण दुष्काळाच्या दिवसांत, मिरजेहून पाण्याने भरलेली रेल्वेगाडी लातूरला आली. कृष्णाकाठचे पाणी मांजराकाठच्या लोकांनी प्यायले. पुढे २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला आणि सांगली-मिरजेची घरे पाण्याखाली गेली, तेव्हा राज्याच्या कानाकोपऱ्यांतून तिकडे मदत गेली. ज्यांनी पाणी दिले त्यांच्यावर तीन वर्षांतच पाण्यामुळे हात पसरण्याची वेळ आली. पंगतीत आपली जागा केव्हा बदलेल हे कोणालाही आधी सांगता येत नाही. म्हणून वाढताना नम्र असावे आणि घेताना संकोच नसावा.

हा अहवाल आपल्या हाती पडेल तेव्हा आपण कदाचित देणगीदार असाल, कदाचित कार्यकर्ते, कदाचित एखाद्या रुग्णाचे नातलग. या तिन्ही भूमिका एकाच आयुष्यात एकाच माणसाच्या वाट्याला येतात. सेवेचे फळ कोणाच्या पदरी, या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. ते वाढणाऱ्याच्या एकट्याच्या पदरी पडत नाही आणि घेणाऱ्याच्याही एकट्याच्या नाही. ते पंगतीचे असते. त्या पंगतीत आपणा सर्वांना यथाशक्ती वाढण्याची बुद्धी आणि वेळ येईल तेव्हा सन्मानाने बसण्याचे धैर्य लाभो, हीच परमेश्वरचरणी प्रार्थना.